हिडन ऑब्जेक्ट मालिका पुन्हा खेळताना: दुसऱ्या फेरीची तयारी आणि तुलना

हिडन ऑब्जेक्ट साहसी गेम, म्हणजे गच्च भरलेल्या चित्रांत लपलेल्या वस्तू शोधत गोष्ट पुढे नेण्याचा गेम, एकदा संपवला की बहुतेक जण तो पुन्हा उघडत नाहीत. गोष्ट कळली, खलनायक सापडला, आता त्यात राहिलं काय, असं वाटतं. पण या गेमांची खरी ओळख दुसऱ्या खेपेला होते. पहिल्या खेपेला आपण गोष्टीच्या मागे धावत असतो: दाराला किल्ली हवी, किल्ली पेटीत आहे, पेटीवर कोडं आहे. दुसऱ्या खेपेला ती घाई नसते. मग लक्षात येतं की कोड्याची खूण तीन खोल्या आधीच भिंतीवरच्या चित्रात होती, आणि दारात भेटलेल्या त्या म्हातारीचं पहिलंच वाक्य खोटं होतं. एकाच मालिकेचे दोन-तीन भाग असे पाठोपाठ खेळले की कुठला भाग जीव ओतून केलाय आणि कुठला उरकलाय, हे कुणी सांगावं लागत नाही.

ज्यांनी अशा एखाद-दोन मालिका खेळल्या आहेत आणि आता आवडत्या मालिका पुन्हा खेळून एकमेकींच्या शेजारी ठेवून बघायच्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. अगदी पहिलाच गेम असेल तर तो आधी मनसोक्त खेळा. तेव्हा वही-पेन जवळही नको.

आधी मालिका निवडा, आणि छोटी निवडा

सुरुवात तीन भागांच्या मालिकेने करावी असं माझं ठाम मत आहे. पोलंडच्या आर्टिफेक्स मुंडी या स्टुडिओच्या अशा तीन मालिका सहज मिळतात: एनिग्मॅटिस, ग्रिम लेजेंड्स आणि नाइटमेअर्स फ्रॉम द डीप. त्यातही पहिल्या तुलनेला एनिग्मॅटिस उत्तम. पहिला भाग ‘द घोस्ट्स ऑफ मेपल क्रीक’ २०११ चा, दुसरा ‘द मिस्ट्स ऑफ रेव्हनवूड’ २०१३ चा आणि तिसरा ‘द शॅडो ऑफ कारखाला’ २०१६ चा. तिन्हींत डिटेक्टिव्ह तीच, गोष्ट सलग, आणि मधल्या पाच वर्षांत चित्रं, आवाज, कोडी कशी बदलत गेली ते स्पष्ट दिसतं. शिवाय या मालिकेत पुराव्यांचा फलक आहे. सापडलेले कागद-फोटो त्यावर लावायचे आणि त्यांची एकमेकांशी सांगड घालायची. दुसऱ्या खेपेला हा फलक फार बोलका होतो, कारण कुठला पुरावा खरंच कामाचा होता आणि कुठला नुसती जागा भरायला होता हे आता तुम्हाला आधीच माहीत असतं.

लांब मालिकांचं तसं नाही. मिस्ट्री केस फाइल्सचा पहिला भाग ‘हंट्सव्हिल’ २००५ साली आला आणि पुढे दोन डझनांच्या आसपास भाग झाले. सगळे ओळीने खेळायला बसलात तर चौथ्या-पाचव्या भागापर्यंत सगळ्याच खोल्या सारख्या दिसायला लागतील. लांब मालिकेत जिथे वळण आलं ते भाग निवडायचे. याच मालिकेत ती वळणं ठळक आहेत. ‘हंट्सव्हिल’मध्ये गोष्ट नावापुरतीच होती: घड्याळ चालू, ठरलेल्या वेळेत गावभरच्या जागांमधून वस्तू शोधायच्या आणि शेवटी गुन्ह्याच्या चित्राचे तुकडे जुळवायचे. २००६ च्या ‘रेव्हनहर्स्ट’मध्ये एक वाडा आला, एका बाईची डायरी आली आणि यंत्रांनी भरलेली ती अजब दारं आली. २००८ च्या ‘रिटर्न टू रेव्हनहर्स्ट’मध्ये खोल्याखोल्यांतून फिरायचं, वस्तू जवळ बाळगायच्या आणि योग्य जागी वापरायच्या असं खरं साहस सुरू झालं. २००९ च्या ‘डायर ग्रोव्ह’मध्ये खऱ्या नटांचं चित्रीकरण आलं. हरवलेल्या विद्यार्थ्यांच्या व्हिडिओ टेप बर्फात गाडलेल्या गावात एकेक करून सापडतात आणि त्यांतून गोष्ट पुढे सरकते. या चार भागांत हा सगळा प्रकार लहानाचा मोठा झालेला दिसतो. वेळ कमी असेल तर ‘हंट्सव्हिल’चा पहिला तासभर आणि ‘डायर ग्रोव्ह’ पूर्ण, एवढंही पुरे.

मोबाइलवर फुकट मिळणारे गेम, उदाहरणार्थ वूगाचा २०१७ चा ‘जून्स जर्नी’, या तुलनेतून बाजूला ठेवा. तिथे तेच सीन पुन्हा पुन्हा खेळणं हाच खेळाचा पाया आहे आणि एनर्जी संपली की थांबावं लागतं. ते वाईट आहेत असं नाही, पण सुरुवात-मध्य-शेवट असलेल्या गेमशी त्यांची बरोबरी करून हाती काही लागत नाही.

गेम चालतोय का ते बघा

हे काम कंटाळवाणं आहे, पण आधीच उरकलं तर पुढे रसभंग होत नाही. जुने भाग नव्या कॉम्प्युटरवर अडतात ते मुख्यतः दोन कारणांनी. एक म्हणजे ते चौकोनी, ४:३ पडद्यासाठी बनलेले असतात. रुंद पडद्यावर चित्र ताणलं जातं, माणसं बुटकी दिसतात आणि बारीक वस्तू ओळखू येत नाहीत. सेटिंगमध्ये रुंद पडद्याचा पर्याय असेल तर बघा. नसेल तर पूर्ण स्क्रीन सोडून खिडकीत खेळा. चित्र लहान होईल, पण प्रमाण बरोबर राहील. वस्तू ओळखण्याच्या गेममध्ये प्रमाण बिघडलं तर दोष गेमचा की स्क्रीनचा हे कळत नाही आणि तुलना तिथेच फसते.

दुसरं कारण सिस्टिमचं. विंडोजवर गेम उघडताच बंद पडत असेल तर त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीचा टॅब उघडा आणि जुन्या विंडोजचा पर्याय लावून बघा. बरेचदा तेवढ्याने भागतं. मॅकवर मात्र २०१९ च्या कॅटालिनापासून ३२-बिटचे, म्हणजे जुन्या पद्धतीने बनवलेले, प्रोग्राम चालतच नाहीत, आणि आयफोन-आयपॅडवर हीच गोष्ट २०१७ च्या आयओएस ११ पासून झाली. तिथे जुना भाग विकत घेण्याआधी तो नव्या सिस्टिमसाठी अद्ययावत केलाय का, हे वाचून घ्यायचं. बिग फिश या गेम विकणाऱ्या कंपनीच्या डाउनलोड गेमना वर्षानुवर्षं एक तासाची मोफत चाचणी मिळत आली आहे. तिचा खरा उपयोग हाच: गेम आवडतो का ते नंतर, आधी आपल्या मशीनवर नीट चालतो का ते बघा.

आणखी एक गोष्ट. कलेक्टर्स एडिशनची तुलना कलेक्टर्स एडिशनशीच करा. साध्या आवृत्तीत मुख्य गोष्ट पूर्ण असते. कलेक्टर्समध्ये बोनस चॅप्टर, गेममधलाच मार्गदर्शक, संगीत, चित्रं, गोळा करायच्या वस्तू आणि अचीव्हमेंट असतात. एकीकडे हे सगळं आणि दुसरीकडे नुसती गोष्ट, असं झालं की कलेक्टर्सचं पारडं उगाच जड होतं.

नवी प्रोफाइल उघडा आणि पातळी एकच ठेवा

जुनी प्रोफाइल पुसू नका. जवळजवळ प्रत्येक गेममध्ये सुरुवातीच्या पडद्यावर खेळाडूचं नाव बदलायची सोय असते, तिथून नवं नाव घ्या. जुन्या प्रोफाइलमध्ये संपलेला गेम तसाच राहिला की त्याचा एक्स्ट्राजचा विभाग उघडा राहतो. तिथून सुटे सीन आणि सुटी कोडी कधीही खेळता येतात, आणि तुलनेसाठी तो विभाग फार उपयोगी आहे.

आता पातळी. साधारणपणे तीन असतात: कॅज्युअल, अ‍ॅडव्हान्स्ड आणि एक्सपर्ट किंवा हार्डकोर. यांत गोष्ट बदलत नाही, कोडीही सहसा तीच राहतात. बदलते ती मदत. कॅज्युअलमध्ये जिथे काही करण्यासारखं आहे तिथे चमचम दिसते, हिंट भराभर भरते, नकाशावर कुठे काम बाकी आहे त्याची खूण असते आणि कोडं वगळायचं बटण लवकर हाती येतं. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये यातलं बरंच कमी होतं, आणि सगळ्यात वरच्या पातळीवर चमचम जाते, नकाशा मुका होतो, कधी हिंटही नाहीशी होते. सीनमध्ये उगाच क्लिक करत सुटलात तर दंड होतो तो बहुतेक वरच्याच पातळ्यांवर.

अडचण अशी की एका स्टुडिओचं अ‍ॅडव्हान्स्ड दुसऱ्याच्या कॅज्युअलइतकं सौम्य असू शकतं. म्हणून नावावर जाऊ नका. नंतरच्या काळातल्या बऱ्याच गेममध्ये कस्टम पातळी असते, तिथे प्रत्येक मदत वेगळी चालू-बंद करता येते. माझी मांडणी ठरलेली आहे: चमचम बंद, नकाशावरच्या कामाच्या खुणा बंद, हिंट चालू पण साधारण मिनिटाने भरणारी, चुकीच्या क्लिकला दंड चालू. चमचम बंद ठेवण्याचं कारण मोठं आहे. ती चालू असली की आपण चित्र बघतच नाही, फक्त चमकणाऱ्या जागा टिपत जातो, आणि चित्रकाराने खोलीत काय मांडलंय हे बघण्यासाठीच तर ही दुसरी फेरी आहे. जिथे कस्टम नाही तिथे अ‍ॅडव्हान्स्ड घ्या आणि मदत कोणती होती ते एका ओळीत लिहून ठेवा.

गेममधले सीन दर वेळी बदलतात का, हे तपासायची सोपी युक्ती आहे. आणखी एक प्रोफाइल उघडा, पहिला शोधायचा सीन येईपर्यंत खेळा आणि यादी ताडून बघा. काही गेममध्ये यादीतल्या वस्तू अदलून-बदलून येतात, काहींत शब्दन् शब्द तोच. ज्यात यादी बदलते तो गेम दुसऱ्या खेपेलाही नजरेला काम देतो. ज्यात बदलत नाही तिथे पहिल्या वेळी कुठे काय होतं हे हातालाच आठवतं. म्हणून अशा गेमच्या दोन फेऱ्यांत काही महिने जाऊ दिलेले बरे.

एक सीन सावकाश

दुसऱ्या फेरीत कसं खेळायचं हे सांगण्यापेक्षा एक नेहमीचा सीन घेऊन दाखवतो. समजा एक लिहायचं टेबल आहे, ओसंडून वाहणारं. खाली यादीत बारा नावं. त्यांतली दोन वेगळ्या रंगात आहेत, म्हणजे त्या वस्तू थेट सापडणार नाहीत, आधी काहीतरी करावं लागेल. एक आहे पेटती मेणबत्ती. मेणबत्ती समोरच दिसते, पण विझलेली. काडेपेटी खणात, आणि खण अर्धवट उघडा.

पहिल्या खेपेला आपण खण उघडला, काडी लावली, मेणबत्ती यादीतून कटली, पुढे गेलो. आता तोच सीन उघडून क्लिक न करता थोडा वेळ नुसतं बघा. काडेपेटी एका पत्राखाली आहे. पत्रावरचं हस्ताक्षर पुढच्या प्रकरणात येणाऱ्या डायरीचंच आहे का? टेबलावरच्या वस्तूंचा त्या माणसाशी काही संबंध आहे, की वैद्याच्या टेबलावर रबरी बदक, फुटबॉल आणि पंख्याचं पातं पडलंय? इथे चांगला स्टुडिओ आणि कसाबसा स्टुडिओ वेगळे होतात. चांगल्या सीनमध्ये सगळ्या वस्तू त्या खोलीत असू शकतात, आणि तरी त्या लपतात. रंग रंगात मिसळतो, काठी खुर्चीच्या पायाला समांतर पडते, सापाचा आकार पडद्याच्या दोरीशी जुळतो. वाईट सीनमध्ये वस्तू नुसती लहान केलेली असते किंवा इतकी पारदर्शक की ती दिसणंच शक्य नसतं. त्याला लपवणं म्हणत नाहीत.

बारा वस्तू शोधल्यावर हातात काय येतं हेही बघा. बहुतेक वेळा एकच वस्तू, बाकी अकरा हवेत विरतात. ब्लू टी गेम्सच्या डार्क पॅरेबल्स मालिकेने यावर वेगळा मार्ग काढला. तिथे नावांच्या यादीऐवजी तुकडे शोधायचे असतात. एखादं पदक किंवा मूर्ती तुटून सीनभर विखुरलेली असते, तुकडे जमले की ती अखंड होते, आणि जमवलेलं सगळंच कामाला येतं. २०१० च्या ‘कर्स ऑफ ब्रायर रोझ’पासून ही पद्धत या मालिकेची ओळख आहे. मला ती यादीपेक्षा जास्त आवडते, कारण शोधणं आणि गोष्ट यांच्यात फट राहत नाही. पण यादीच्या सीनमध्ये जी विविधता असते ती तुकड्यांत नाही. सोनेरी नक्षीचे तुकडे सोनेरी नक्षीच्याच महालात शोधताना तासाभराने डोळे शिणतात. दोन्ही प्रकार सलग खेळून बघा, तुमचा कल कुठे आहे ते लगेच कळेल.

गोळा करायच्या वस्तू आणि रूप पालटणाऱ्या वस्तू, म्हणजे मध्येच क्षणभर दुसरंच काही होणाऱ्या, दुसऱ्या फेरीत जरूर शोधा. त्यांच्या निमित्ताने प्रत्येक पडद्यावर दोन-पाच सेकंद जास्त थांबणं होतं. फक्त एवढं ध्यानात ठेवा की बऱ्याच गेममध्ये मागची जागा कायमची बंद होते आणि तिथली राहिलेली वस्तू त्या फेरीत पुन्हा मिळत नाही. नवं प्रकरण सुरू होण्याआधी मोजणी बघून घ्यायची.

वहीत काय लिहायचं

दहापैकी गुण देत बसू नका. पहिल्या गेमला आठ दिले, दुसऱ्याला साडेसात, आणि महिन्याभराने तो अर्धा गुण कशाचा होता हे आठवत नाही. त्यापेक्षा ठरावीक गोष्टी टिपा. सगळ्यात कामाची नोंद हिंटची. हिंट दाबली की लगेच दोन शब्दांत कारण लिहा: दिसलं नाही, की कळलं नाही. यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दिसलं नाही म्हणजे चित्राचा प्रश्न, आणि कधी कधी तो गेमचा गुणही असतो. कळलं नाही म्हणजे पुढे काय करायचं याचा धागाच गेमने दिला नाही. गेम संपल्यावर दोन्हींची बेरीज करा. एखाद्या मालिकेत ‘कळलं नाही’ची संख्या भागागणिक वाढत गेलेली दिसली तर समजा की रचनेची वीण सैल होत चालली आहे, मग चित्रं कितीही देखणी असोत.

दुसरी नोंद वापरायच्या वस्तूंची. या गेमांवरचा सगळ्यात जुना आणि रास्त आक्षेप असा की पिशवीत धारदार चाकू असताना दोर कापायला काचेचा तुकडा शोधत फिरावं लागतं, कारण चाकू ‘त्यासाठी’ नाही. एकदा वापरलेली हातोडी मोडते आणि पुढच्या खिळ्यासाठी दगड लागतो. अशी प्रत्येक जागा टिपा. त्याच वेळी उलट उदाहरणंही टिपा: जिथे एकच हत्यार तीन-चार ठिकाणी उपयोगी पडलं, किंवा दोन वस्तू जोडून तिसरी बनवायला लावली आणि ते जोडणं खरोखर पटलं. अशा जागांचं कौतुक क्वचित होतं, आणि रचनाकाराची मेहनत तिथेच असते.

तिसरी नोंद चालण्याची. एका टोकाला किल्ली, दुसऱ्या टोकाला कुलूप, मध्ये आठ पडदे. नकाशावरून थेट उडी मारता येत असेल तर हे जाणवत नाही, नसेल तर वैताग येतो. जुन्या भागात असा नकाशा नव्हता आणि नव्यात आला, तर नवा भाग सुटसुटीत वाटण्यामागे तेवढंच कारण असू शकतं. त्याचं श्रेय गोष्टीला देऊ नका.

कोड्यांबद्दल फार लिहायची गरज नाही. नळ जोडा, चाकं फिरवा, सरकत्या फळ्या लावा, दिव्यांचा क्रम लक्षात ठेवा: प्रकार फिरून फिरून तेच. फक्त सूचना स्पष्ट होत्या का आणि वगळायचं बटण चिडून दाबलं का, एवढं लिहा.

शेवटची नोंद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: गोष्ट मुख्य गेममध्ये संपली का? काही गेम खलनायकाला अर्धवट सोडून देतात आणि खरा शेवट बोनस चॅप्टरमध्ये ठेवतात, म्हणजे साधी आवृत्ती घेणाऱ्याला तो मिळतच नाही. चांगला बोनस चॅप्टर स्वतःच्या पायावर उभा असतो: आधी काय घडलं होतं, किंवा एखाद्या बाजूच्या पात्राचं पुढे काय झालं. मुख्य गोष्ट संपल्यावर लगेच बोनसला हात घालू नका. एक दिवस मध्ये जाऊ द्या आणि त्या दिवशी मुख्य गोष्टीबद्दलची नोंद पूर्ण करा. नाहीतर बोनसची चव मुख्य गेमला लागते.

जोड्या लावा

नोंदी जमल्या की तुलना. इथे नवे लोक दोन आख्ख्या मालिका एकदम समोर ठेवतात आणि मग ‘दोन्ही छान’ यापलीकडे जाता येत नाही. सारख्याला सारखं भिडवा: पहिला भाग पहिल्या भागाशी, बर्फातली गोष्ट बर्फातल्या गोष्टीशी, घराण्याची गोष्ट घराण्याच्या गोष्टीशी.

मिस्ट्री केस फाइल्समध्ये अशा तयार जोड्या आहेत, कारण जुन्या गोष्टींचे पुढचे भाग वर्षांनंतर वेगळ्या स्टुडिओने केले. २००७ चा ‘मॅडम फेट’ बिग फिशच्या स्वतःच्या स्टुडिओचा, आणि त्याच जत्रेत परत नेणारा २०१३ चा ‘फेट्स कार्निव्हल’ एलिफंट गेम्सचा. तसंच २००९ चा ‘डायर ग्रोव्ह’ आणि २०१४ चा ‘डायर ग्रोव्ह, सेक्रेड ग्रोव्ह’. जागा त्याच, वातावरण तेच, हात वेगळे. ‘मॅडम फेट’मध्ये मध्यरात्रीपर्यंतची वेळ अंगावर येते, जत्रेतला प्रत्येक जण संशयित, आणि सीन गच्च भरलेले. ‘फेट्स कार्निव्हल’मध्ये फिरणं, संवाद आणि दृश्यांची भव्यता कितीतरी जास्त. पहिल्यात गर्दीतून शोधण्याचा आनंद आहे, दुसऱ्यात त्या जगात वावरण्याचा. मी शोधण्याच्या बाजूचा आहे, पण ज्यांना गोष्ट हवी त्यांना दुसरा जास्त भावेल आणि त्यांचंही म्हणणं बरोबर आहे.

रेव्हनहर्स्टची गोष्ट आणखी लांब पसरलेली आहे. २०११ चा ‘एस्केप फ्रॉम रेव्हनहर्स्ट’ या फेरीत जरूर घ्या, कारण त्यात नेहमीच्या याद्या सोडून रूप पालटणाऱ्या वस्तूंवर सगळा भर आहे. मात्र तो या मालिकेतला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग आहे. घरातल्या लहान मुलांसोबत खेळायचा विचार असेल तर हा नको.

स्टुडिओ बदलला की काय होतं हे बघायला आणखीही जागा आहेत. हाँटेड हॉटेलचे पहिले भाग स्पेशलबिटचे, पुढे मालिका एलिफंटकडे गेली. डार्क पॅरेबल्स ब्लू टीकडून पुढे सर्बियाच्या आयपिक्सकडे गेली आणि मिस्ट्री केस फाइल्सही २०१६ च्या ‘ब्रोकन अवर’पासून आयपिक्सकडे आली. म्हणजे एकाच स्टुडिओने दोन वेगळ्या मालिका चालवल्या. आयपिक्सच्या हातचा एकेक भाग दोन्ही मालिकांतून घेऊन सलग खेळा. स्टुडिओची स्वतःची सवय कोणती आणि मालिकेचा वारसा कोणता, हे वेगळं काढता येतं. या छंदातलं इतकं रंगणारं काम मला दुसरं सापडलेलं नाही.

दोन वेगळ्या मालिका घ्यायच्या तर डार्क पॅरेबल्स आणि एलिफंटचीच ग्रिम टेल्स ही जोडी लावा. डार्क पॅरेबल्स परीकथा घेते आणि त्या सगळ्यांना एकाच जगात, एकमेकांच्या नात्यात विणत जाते. २०११ च्या ‘द एक्झाइल्ड प्रिन्स’मधला बेडूक-राजकुमार पुढच्या भागांनाही पुरून उरतो. ग्रिम टेल्समध्ये ग्रे घराणं आहे, २०११ च्या ‘द ब्राइड’पासून त्याच घरातली माणसं, त्यांचे भूतकाळ, त्यांची दुखणी. दोन्हीकडे भागांचा क्रम पाळावा लागतो. पण डार्क पॅरेबल्समध्ये क्रम चुकला तर एखादं मोठं रहस्य आधीच फुटतं, तर ग्रिम टेल्समध्ये फार तर एखादं नातं उशिरा कळतं. म्हणून डार्क पॅरेबल्स प्रकाशनाच्या क्रमानेच खेळा, निदान पहिले पाच-सहा भाग. हाँटेड हॉटेलला असं बंधन नाही, तिथे कुठलाही भाग कधीही चालतो.

आवाजाची तुलना करायची तर चित्राकडे पाठ करा. खरंच: एखादा पडदा उघडा ठेवून दोन मिनिटं नुसतं ऐका. पावसाचा आवाज, दूरची घंटा, आणि पार्श्वसंगीत किती लवकर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. संगीताचा तोकडा तुकडा तासभर कानावर आदळला की मन उबगतं, आणि आपण दोष कोड्यांना देतो.

एका बैठकीत किती

एका भागाला साधारण चार-पाच तास लागतात, दुसऱ्या खेपेला कमी. एकाच दिवशी संपवू नका. प्रकरण संपलं की थांबा, नोंद लिहा, उठा. दोन भागांमध्ये दुसऱ्या प्रकारचा काही गेम खेळलात तरी चालेल, पण दुसरी हिडन ऑब्जेक्ट मालिका मध्ये घुसवू नका. दोन्हींच्या किल्ल्या, पदकं आणि तळघरं डोक्यात एकमेकांत मिसळतात आणि वहीतल्या नोंदींवरचा भरवसा जातो.

वॉकथ्रू, म्हणजे गेमची पायरीपायरीने लिहिलेली उत्तरं, दुसऱ्या फेरीतही शेवटचाच उपाय ठेवा. अडलात तर आधी हिंट, मग नकाशा, मग पिशवीतली प्रत्येक वस्तू पुन्हा मोठी करून बघा. वस्तूवरच एखादं झाकण उघडायचं राहिलेलं असतं, आणि अडकण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे. तरी नाही जमलं तर वॉकथ्रूमधली फक्त तेवढीच पायरी वाचा, आणि वहीत ‘कळलं नाही’च्या रकान्यात खूण करा.

पुढची मालिका नोंदींवरून निवडा

दोन मालिका अशा झाल्या की वही चाळा आणि हसू कुठे आलं होतं ते शोधा. तुकडे जमवताना वेळेचं भान राहिलं नसेल तर डार्क पॅरेबल्सचे पुढचे भाग, आणि त्यातही २०११ चा ‘राइझ ऑफ द स्नो क्वीन’ आधी. पुराव्यांचा फलक आवडला असेल आणि गोष्ट एका दमात हवी असेल तर एनिग्मॅटिसनंतर ग्रिम लेजेंड्सकडे वळा. समुद्र, गलबतं, शापित कप्तान यांची ओढ असेल तर नाइटमेअर्स फ्रॉम द डीप. गच्च भरलेल्या पडद्यांवर नजर रमत असेल तर मिस्ट्री केस फाइल्सच्या पहिल्या चार भागांना तोड नाही, चित्रं जुनी असली तरी. आणि शोधाशोधीपेक्षा कोडी आणि चित्रच जास्त आवडली असं नोंदींतून निघालं, तर ‘ड्रॉन’ ही २००९ ते २०११ मधली तीन भागांची मालिका घ्या. तिच्यात वस्तू शोधण्याचा भाग अगदी थोडा आहे, चित्रांच्या आत शिरून फिरायचं आहे, आणि पहिल्या भागाचं, ‘द पेंटेड टॉवर’चं, दार उघडायला तुम्हाला कुठल्याही आधीच्या गोष्टीची ओळख लागत नाही.